हुकूमशहाचं श्रुतलेखन : पराग्वेचं राष्ट्राध्यक्षपद आणि एक कादंबरी



आज आपण एका कादंबरीबद्दल बोलणार आहोत आणि तिच्या निमित्ताने एका देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाबद्दल. कादंबरीचं नाव 'यो एल सुप्रेमो', म्हणजे 'मी, सर्वोच्च'. लेखक आउगुस्तो रोआ बास्तोस. प्रकाशन ब्युनोस आयर्सला, 1974 साली. देश पराग्वे. ज्यांना वाचायची असेल त्यांच्यासाठी सांगतो, हेलेन लेन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1986 साली आला. पुस्तक जाड आहे, अवघड आहे, आणि सुरुवातीची बरीच पानं वाचताना नेमकं कोण बोलतंय हेच कळत नाही. ते का कळत नाही, हा आजचा अर्धा विषय आहे.

उरलेला अर्धा विषय असा. पराग्वेच्या 1992 च्या घटनेत 229 वं कलम आहे. राष्ट्राध्यक्षाची मुदत पाच वर्षं, आणि त्याला पुन्हा निवडून येता येणार नाही, 'कोणत्याही परिस्थितीत' नाही. सलगही नाही, मध्ये एक मुदत सोडूनही नाही. बऱ्याच देशांत मुदतीवर मर्यादा असते. पण 'कोणत्याही परिस्थितीत' असं ठणकावून सांगावं लागतं, तेव्हा समजावं की त्या घरात आधी काहीतरी घडून गेलेलं आहे. दाराला एवढं मोठं कुलूप कुणी उगाच लावत नाही. काय घडलं होतं ते इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. पण ते घडू कसं शकलं, हे मला या कादंबरीत जास्त नीट सापडलं.

दोन खुर्च्या

आधी इतिहास, थोडक्यात. पराग्वे म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या मधोमध असलेला, समुद्रकिनारा नसलेला देश. ब्राझील, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया या तिघांच्या मध्ये सापडलेला. राजधानी असुन्सिओन. लोक स्पॅनिश बोलतात आणि ग्वारानीही बोलतात. ग्वारानी ही तिथली मूळची भाषा, आणि ती केवळ आदिवासी समाजापुरती उरलेली नाही. घरात, बाजारात, भांडणात, प्रेमात सगळीकडे ती आहे.

मे 1811 मध्ये पराग्वे स्पेनपासून वेगळा झाला. 1813 च्या अखेरीस काँग्रेसने प्रजासत्ताक जाहीर केलं आणि रोमच्या धर्तीवर दोन कॉन्सल नेमले. एक लष्करातला, फुल्हेन्सिओ येग्रोस. दुसरा होसे गास्पार रोद्रिगेस दे फ्रान्सिया, धर्मशास्त्राची डॉक्टरेट असलेला वकील. दोघांनी चार-चार महिने आळीपाळीने कारभार बघायचा. असं सांगतात की दोघांसाठी दोन खुर्च्या केल्या होत्या, एकीवर सीझरचं नाव, दुसरीवर पॉम्पीचं. फ्रान्सिया आत आला आणि सरळ सीझरच्या खुर्चीत जाऊन बसला. गोष्ट खरी असो की रचलेली, पुढे झालं ते तिला शोभेल असंच. 1814 मध्ये तो पाच वर्षांसाठी हुकूमशहा झाला. 1816 मध्ये काँग्रेसने त्याला कायमस्वरूपी हुकूमशहा केलं. येग्रोसला 1821 मध्ये कटाच्या आरोपाखाली मारण्यात आलं. आणि 20 सप्टेंबर 1840 ला मरेपर्यंत फ्रान्सियाच्या समोर दुसरी खुर्ची नव्हती.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. फ्रान्सिया कधीच राष्ट्राध्यक्ष नव्हता. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला कार्लोस आंतोनिओ लोपेस, 1844 मध्ये. म्हणजे आधी माणूस होता आणि पद नंतर आलं. एका माणसाच्या जाण्याने जो भलाथोरला खड्डा पडला, त्याच्या मापाने हे पद कापलं गेलं. लोपेसला दहा वर्षांची मुदत मिळाली, मग ती वाढली. 1862 मध्ये मरण्यापूर्वी त्याने आपल्या मुलाला उपाध्यक्ष नेमून ठेवलं होतं. तो मुलगा, फ्रान्सिस्को सोलानो लोपेस, देशाला ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्याविरुद्धच्या युद्धात घेऊन गेला. 1 मार्च 1870 ला सेर्रो कोरा इथे तो मारला गेला तेव्हा युद्ध संपलं. किती माणसं गेली यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, पण प्रौढ पुरुषांपैकी बहुतेक गेले याबद्दल फारसा वाद नाही.

दोन वाचनं, आणि दोन्ही अपुरी

आता कादंबरीकडे येतो. रोआ बास्तोस यांचा जन्म 1917 चा. 1947 च्या यादवीत त्यांना देश सोडावा लागला, ते ब्युनोस आयर्सला गेले. 1954 मध्ये जनरल आल्फ्रेदो स्ट्रोसनर सत्तेवर आला. 'मी, सर्वोच्च' प्रसिद्ध झाली तेव्हा स्ट्रोसनरला वीस वर्षं झाली होती, आणि अजून पंधरा बाकी होती.

साहजिकच या कादंबरीचं एक वाचन रूढ झालं: लेखकाला स्ट्रोसनरबद्दल बोलायचंय, उघड बोलता येत नाही, म्हणून त्याने फ्रान्सियाचा मुखवटा घेतला. दुसरं वाचन याच्या नेमकं उलट आहे. परदेशी प्रवाशांनी फ्रान्सियाला क्रूर, विक्षिप्त राक्षस म्हणून रंगवलं होतं. लेखकाने त्याला न्याय दिला, एका छोट्या देशाचं स्वातंत्र्य टिकवणारा कठोर पण प्रामाणिक पुरुष म्हणून उभं केलं.

दोन्ही वाचनांना पुस्तकात आधार आहे. फ्रान्सियाने सरहद्दी बंद केल्या, चर्चच्या जमिनी ताब्यात घेतल्या, सरकारी कुरणं उभारली, धनिक स्पॅनिश घराण्यांचं कंबरडं मोडलं. स्वतः साधा राहिला. उरुग्वेच्या आर्तिगासला त्याने 1820 मध्ये आसरा दिला. आणि त्याच माणसाने एमे बाँप्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला 1821 पासून जवळजवळ दहा वर्षं देशात अडकवून ठेवलं, विरोधकांना अंधारकोठडीत सडवलं. हे सगळं कादंबरीत आहे. म्हणून ज्याला जे हवं ते त्याला सापडतं.

माझी तक्रार अशी की दोन्ही वाचनं खुर्चीत बसलेल्या माणसाकडेच बघतात. तो चांगला की वाईट, एवढंच विचारतात. आणि नेमका हाच प्रश्न त्या माणसाला हवा असतो. आपण वीस-पंचवीस वर्षं त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतो, आणि खोलीत आणखी एक जण बसलाय त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

सांगणारा आणि लिहिणारा

तो दुसरा माणूस म्हणजे पोलिकार्पो पातिन्यो. हुकूमशहाचा चिटणीस. इतिहासातला खरा माणूस. कादंबरीतला फार मोठा भाग या दोघांचं बोलणं आहे. सर्वोच्च सांगतो, पातिन्यो लिहून घेतो. अवतरणचिन्हं नाहीत, 'तो म्हणाला' नाही. एका वाक्यात मालक बोलत असतो आणि त्याच ओळीत चिटणिसाचं उत्तर येऊन जातं. कोण बोलतंय ते कळत नाही म्हणालो, ते यामुळे.

इथे भाषेची एक गंमत सांगायला हवी. स्पॅनिशमध्ये 'दिक्तार' हे एकच क्रियापद आहे. शिक्षक मजकूर सांगतात आणि मुलं लिहून घेतात, त्यालाही तेच. न्यायाधीश निकाल देतो, सत्ताधीश हुकूम सोडतो, त्यालाही तेच. त्याच्याच कुळातला शब्द 'दिक्तादोर', म्हणजे हुकूमशहा. आपल्या मराठी शब्दात हुकूम आहे, शहा आहे, पण लिहून घेणारा नाही. तो शब्दातून गळून गेलाय. शाळेत आपण ज्याला श्रुतलेखन म्हणायचो, ते त्या स्पॅनिश शब्दाच्या पोटात बसलेलं आहे. हुकूमशहा म्हणजे जो सांगतो. आणि सांगणारा असेल तर लिहिणारा असलाच पाहिजे, नाहीतर ते नुसतं बडबडणं.

कादंबरीची सुरुवातच हस्ताक्षरापासून होते. असुन्सिओनच्या कॅथीड्रलच्या दारावर एक कागद खिळ्याने ठोकलेला सापडतो. खुद्द हुकूमशहाच्या अक्षरात, त्याच्या नावाने, एक आज्ञा: मी मेल्यावर माझ्या धडापासून शीर वेगळं करून भाल्यावर तीन दिवस चौकात लावा, आणि माझ्या मुलकी व लष्करी नोकरांना फासावर द्या. अर्थात कागद बनावट आहे. पण अक्षर हुबेहूब. म्हणून सर्वोच्च पातिन्योला सांगतो, शोध कोण लिहिणारा ते. सगळ्या दप्तरांतली हस्ताक्षरं तपासली जातात.

मला ही कल्पना फार नेमकी वाटते. ज्या राज्यात सगळी सत्ता एका सहीत साठलेली असते, त्या राज्याला सर्वांत मोठा धोका तलवारीचा नसतो. कुणीतरी ती सही गिरवू शकतो, हा असतो. कारण सही गिरवता आली की 'मी' गिरवता आला. आणि हुकूमशहाचं अक्षर सगळ्यात चांगलं कुणाला येतं? ज्याने आयुष्यभर त्याचंच लिहिलं त्याला. चोर शोधायचं काम ज्याच्यावर सोपवलंय, पहिला संशय त्याच्यावरच जायला हवा. सर्वोच्चाला हे कळतं. पुढे तो पातिन्योला त्याचीच शिक्षा सांगतो, आणि पातिन्यो स्वतःची मृत्युदंडाची शिक्षा स्वतःच्या हाताने उतरवून घेतो. इतिहासातल्या पातिन्योने फ्रान्सिया मेल्यावर तुरुंगात गळफास लावून घेतला, हे माहीत असेल तर तो प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो.

पण थांबा, पातिन्योला गरीब बिचारा करू नका. लेखकही करत नाही. तो विनोदी आहे, लबाड आहे, आणि मालकाच्या खुर्चीकडे त्याची नजर आहे. म्हणी उलट्यासुलट्या करतो, ऐकलेलं चुकीचं लिहितो, आणि कधीकधी त्या चुकांतूनच सत्य बाहेर पडतं. सत्ता त्याला चिरडते आणि तो सत्तेचं हत्यारही असतो. माझ्या मते कादंबरीचा खरा नायक तोच आहे.

'मी' आणि 'तो'

शीर्षकात 'मी' आहे. पण पुस्तकात हा 'मी' सारखा दुभंगतो. एक 'मी', म्हणजे म्हातारा, आजारी, झोप न येणारा, खाजगी वहीत खरडणारा, आपल्या कुत्र्याशी वाद घालणारा माणूस. दुसरा 'तो', म्हणजे सर्वोच्च, जो कधी मरत नाही, जो देश आहे. 'मी'ला ताप येतो, 'तो'ला येत नाही. 'मी' पडतो, 'तो' उभाच असतो.

आता हाच प्रश्न घटनाशास्त्राच्या साध्या भाषेत विचारा. पद आणि माणूस वेगळे आहेत का? लोकशाहीत उत्तर सरळ आहे. पद राहतं, माणूस जातो. फ्रान्सियाच्या व्यवस्थेतही पद राहायला हवं, माणूस मर्त्य आहे हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्याने पद असं काही स्वतःच्या अंगाला शिवून घेतलंय की ते सोडवायचं तर कातडीसकट सोलावं लागेल. वारस नाही, काँग्रेस नाही, मंत्रिमंडळ नाही. फक्त एक चिटणीस. शेवटी शेवटी कागदपत्रं जळतात, पानं किड्यांनी खाल्लेली आहेत, वाक्यं मध्येच तुटतात. ज्या राज्याची वही एकच होती, तिथे वही संपल्यावर राज्यही संपतं.

आणि या सगळ्याच्या बाहेर, तळटीपांत, 'संकलक' नावाचा एक आवाज आहे. तो प्रवाशांची पुस्तकं, पत्रं, दप्तरं यांतले उतारे देतो. काही खरे, काही लेखकाने रचलेले. मूळ मजकुरात हुकूमशहा म्हणतो एक, तळटीप सांगते दुसरं. काही ठिकाणी समासात अनोळखी हस्ताक्षरातले शेरे आहेत, आणि ते थेट सर्वोच्चालाच जाब विचारतात. एकच आवाज चालवायचा अशी ज्याची प्रतिज्ञा, त्याच्या पुस्तकात लेखकाने जागोजागी दुसरे हात घुसवले आहेत. अवघडपणा आहे तो यासाठी. वाचताना आपल्याला सतत ठरवावं लागतं, हे कुणाचं, ते कुणाचं. श्रुतलेखनाच्या नेमकी उलट सवय हे पुस्तक आपल्याला लावतं.

त्यात शाळकरी मुलांचे छोटे निबंधही आहेत: सर्वोच्च सरकार तुम्हाला कसं दिसतं? मुलं लिहितात. काही घोकलेलं, काही भलतंच. हसू येतं आणि मग येत नाही. पराग्वेच्या दोन पिढ्या अशाच विषयावर निबंध लिहीत मोठ्या झाल्या, फक्त नाव बदललं होतं.

सगळं कायदेशीर

ते नाव स्ट्रोसनर. आता बघा, स्ट्रोसनर स्वतःला हुकूमशहा म्हणवून घेत नव्हता. तो राष्ट्राध्यक्ष होता. 1954 पासून 1989 पर्यंत तो आठ वेळा निवडून आला. 1940 ची घटना दोनच मुदती देत होती, म्हणून 1967 मध्ये नवी घटना आली आणि मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. त्याही मुदती संपत आल्या तेव्हा, 1977 मध्ये, घटनादुरुस्ती करून मर्यादाच काढून टाकली. आणीबाणी एकदाच जाहीर करून सोडून दिली नव्हती. तिचं दर तीन महिन्यांनी रीतसर नूतनीकरण व्हायचं. ब्राझीलच्या सीमेवर एक नवं शहर वसवलं, त्याचं नाव पोर्तो प्रेसिदेन्ते स्ट्रोसनर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष स्ट्रोसनर बंदर. आज त्याचं नाव सिउदाद देल एस्ते, पूर्वेचं शहर.

फ्रान्सिया आणि स्ट्रोसनर यांच्यातला फरक मला इथे दिसतो. फ्रान्सियाने पद मोडून माणूस उभा केला. स्ट्रोसनरने पद जपलं, पुसलं, त्याला रंग दिला, आणि त्याच्या आत बसून राहिला. म्हणून 'फ्रान्सिया म्हणजे स्ट्रोसनरच' हे समीकरण मला पटत नाही. दुसऱ्याची युक्ती पहिल्यापेक्षा जास्त चिवट होती. तिला एक पातिन्यो पुरत नव्हता, हजारो लागत होते. आणि ते मिळाले. कोलोराडो पक्षाच्या सदस्यत्वाशिवाय शिक्षक, लष्करी अधिकारी, सरकारी नोकर होणं अवघड होतं. नोकरी हवी असेल तर सभासदत्वाचं कार्ड हवं.

याचा पुरावा पुढे हाती लागला. स्ट्रोसनरला फेब्रुवारी 1989 मध्ये त्याच्याच व्याह्याने, जनरल आंद्रेस रोद्रिगेसने, बंड करून घालवलं. 1992 च्या जूनमध्ये नवी घटना आली. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असुन्सिओनजवळ लांबारे इथल्या एका पोलीस कचेरीत कागदांचे ढीग सापडले. वकील आणि शिक्षणतज्ज्ञ मार्तिन आल्मादा, जे स्वतः स्ट्रोसनरच्या तुरुंगात छळ सोसून आलेले, ते न्यायाधीशाला घेऊन तिथे पोचले. आज त्याला 'दहशतीचं दप्तर' म्हणतात. कुणाला कधी पकडलं, काय विचारलं, शेजारच्या देशांच्या गुप्त पोलिसांशी काय पत्रव्यवहार झाला, सगळं टंकून, शिक्के मारून, फायलींत लावून ठेवलेलं. इतक्या क्रूर गोष्टी कुणी लिहून का ठेवल्या, असा प्रश्न लोक विचारतात. 'मी, सर्वोच्च' वाचलेल्याला तो पडू नये. तिथे राज्य करणं म्हणजेच लिहून घेणं होतं.

ज्या वर्षी 'कोणत्याही परिस्थितीत नाही' हे वाक्य घटनेत लिहिलं गेलं, त्याच वर्षी हे कागद सापडले. आधी वाक्य, मग कागद. घटना लिहिणाऱ्यांना दप्तराची गरज नव्हती. त्यांना आठवत होतं.

कुलूप कुणासाठी?

तर कुलूप लागलं. त्याने काम केलं का?

2017 मध्ये त्याची परीक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष ओरासिओ कार्तेस यांच्या समर्थकांनी पुन्हा निवडणूक लढवता यावी म्हणून घटनादुरुस्ती आणली. 31 मार्चला सिनेटच्या 25 सदस्यांनी सभागृहाबाहेर, बंद दाराआड मतदान करून ती मंजूर केली. त्या संध्याकाळी लोक संसदेच्या इमारतीत घुसले आणि आग लागली. रात्री पोलीस विरोधी लिबरल पक्षाच्या मुख्यालयात शिरले आणि एक तरुण कार्यकर्ता गोळीने मारला गेला. काही आठवड्यांत कार्तेस यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं, आणि कनिष्ठ सभागृहाने प्रस्ताव फेटाळला. कुलूप टिकलं. एका तरुणाचा जीव घेऊन टिकलं.

पण या गोष्टीची दुसरी बाजू बघितली नाही तर आपण पुन्हा खुर्चीतल्या माणसाकडेच बघत बसू. त्या दुरुस्तीला फेर्नान्दो लुगो यांच्या डाव्या आघाडीचाही पाठिंबा होता, कारण दार उघडलं तर लुगो यांनाही पुन्हा उभं राहता येणार होतं. लुगो कोण? माजी बिशप, 2008 मध्ये निवडून आले आणि कोलोराडो पक्षाची एकसष्ट वर्षांची सलग सत्ता त्यांनी संपवली. जून 2012 मध्ये कुरुग्वाती इथे जमिनीच्या वादात शेतकरी आणि पोलीस मिळून सतरा माणसं मारली गेली. आठवड्याभरात संसदेने लुगो यांच्यावर महाभियोग आणला. एका दिवशी आरोप, दुसऱ्या दिवशी निकाल. बचावासाठी दोन तास. सिनेटमध्ये 39 विरुद्ध 4. सगळं घटनेच्या कलमाप्रमाणे.

म्हणजे 1992 च्या घटनेने राष्ट्राध्यक्षाचे हात बांधले, हे खरंच. पण सांगण्याची सत्ता नाहीशी झाली नाही, ती खुर्चीतून उठून शेजारच्या इमारतीत गेली. पक्ष सांगतो, सभागृह लिहून घेतं. फ्रान्सियाच्या भुताला अडवायला लावलेलं कुलूप पातिन्योला अडवत नाही, कारण पातिन्यो आधीपासूनच आत आहे.

इथे एक योगायोग सांगतो. 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले मारिओ आब्दो बेनितेस. त्यांचे वडील, त्याच नावाचे, स्ट्रोसनरचे खाजगी चिटणीस होते. म्हणजे चिटणिसाचा मुलगा खुर्चीत बसला. कुणी म्हणेल, पातिन्योचं स्वप्न पूर्ण झालं. मी इतकं सोपं म्हणणार नाही. ते निवडून आले, पाच वर्षं राहिले, 2023 मध्ये वेळेवर पायउतार झाले. मुलाला बापाच्या नोकरीवरून तोलू नये. पण ज्या देशात हुकूमशहाचं घर कोसळलं आणि त्याचं दप्तरखातं मात्र उभं राहिलं, त्या देशाबद्दल हा योगायोग काही सांगतो की नाही? सांगतो.

कादंबरी कुठे कमी पडते

शेवटाकडे येताना पुस्तकाबद्दलची माझी हरकत नोंदवतो, नाहीतर ही समीक्षा न होता आरती होईल.

पहिली हरकत. सर्वोच्चाचा आवाज इतका हुशार, इतका धारदार, इतका विनोदी आहे की त्याच्याविरुद्ध असलेले सगळे आवाज तळटीपेत जातात. कैदी बोलतात, पण थोडं. बायका तर जवळजवळ नाहीतच, आहेत त्या त्याच्या स्मरणातून आणि तिरस्कारातून आलेल्या. ज्या देशाची पुढे 1870 नंतर बायकांनी पुन्हा उभारणी केली, त्या देशाच्या महाकादंबरीत हे खटकतं. लेखकाने हुकूमशहाला जाब विचारण्यासाठी शेकडो पानं दिली, आणि हुकूमशहाने ती पानं वापरून घेतली.

दुसरी गोष्ट हरकत आणि कौतुक यांच्या मधली आहे. पुस्तक स्पॅनिशमध्ये आहे, लोक ग्वारानीत जगतात. स्पॅनिश लिहिण्याची, ग्वारानी बोलण्याची. रोआ बास्तोस यांनी स्पॅनिशमध्ये ग्वारानीचे शब्द आणि वळणं आणली. तरी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांतल्या कितीतरी जणांपर्यंत ते लिखित रूपात पोचणार नव्हतं, ही खंत पुस्तकाच्या मुळाशी आहे. 1992 च्या घटनेने ग्वारानीला स्पॅनिशबरोबर राजभाषेचा दर्जा दिला. माझ्या दृष्टीने हे कलम 229 व्या कलमाइतकंच महत्त्वाचं. एक कलम सांगणाऱ्याची मुदत ठरवतं. दुसरं कलम ऐकणाऱ्याला त्याच्या भाषेत उलट बोलायची सोय करतं. नुसत्या मुदतीने हुकूमशाही थांबत नाही. तिला उलट उत्तर ऐकायची सवय लागावी लागते.

रोआ बास्तोस यांना 1982 मध्ये, काही दिवसांसाठी मायदेशी आले असताना, देशाबाहेर घालवण्यात आलं. स्ट्रोसनर गेल्यावर ते परत येऊ शकले. 1989 सालीच त्यांना सेर्वान्तेस पुरस्कार मिळाला. 2005 मध्ये असुन्सिओनमध्ये त्यांचं निधन झालं. स्ट्रोसनर पुढच्या वर्षी गेला, ब्राझीलमध्ये, परागंदा.

तर मुद्दा एवढाच. एखाद्या देशाच्या सर्वोच्च पदाचा इतिहास वाचताना आपण खुर्चीत कोण बसलं त्यांची यादी पाठ करतो. या कादंबरीने मला दुसरी यादी करायला लावली: प्रत्येकाच्या शेजारी लेखणी घेऊन कोण बसलं होतं, त्याने काय जसंच्या तसं उतरवलं, आणि कुठे त्याचा हात थांबला. पराग्वेत हात थांबल्याचे प्रसंग कमी आहेत. पण आहेत. आणि माझ्या मते त्या पदाचा खरा इतिहास तिथे आहे.

या व्याख्यानाचं शब्दांकन जे कुणी करतील त्यांना एक विनंती: मी जे बोललो त्यात कुठे खटकलं तर समासात जरूर लिहा.